नववा रकाना

धर्मराज मढवी यांनी पाच शब्द उच्चारले आणि हातात येऊ घातलेले सव्वीस लाख रुपये माघारी फिरले. ते सव्वीस लाख त्यांचेच होते. मी त्यांच्या शेजारी, पहिलीच्या मुलांसाठी केलेल्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून बसलो होतो. तिसऱ्या शब्दाला काय होऊ घातलंय ते मला कळलं. मी त्यांचा पाय दाबला. त्यांनी पाय बाजूला घेतला, "सॉरी हां" म्हणाले आणि उरलेले दोन शब्द पूर्ण केले.

नवी मुंबईतल्या शिरवण्यात पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही पुरुषाला शेठ म्हणतात, म्हणून ते मढवीशेठ. एरवी शेठ म्हणावं असं त्यांच्यात काही नाही. पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल, आणि गावठाणातली तीन मजली इमारत. तिच्यात चौदा खोल्या भाड्याने आहेत आणि सरकारदरबारी ती 'गरजेपोटी बांधलेलं घर' या सदरात बरीच वर्षं विचाराधीन आहे. "आमची गरज कवरी हाय ते ठरवाला समिती बसलीय," असं ते पाहुण्यांना सांगतात, जसं लोक मुलगा परदेशात असल्याचं सांगतात.

एकतीस वर्षं त्यांनी तळोज्याच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर काम केलं. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, वजन व्हायचं, पावती फाटायची. पहिल्या पाच वर्षांत त्यांना काट्याची गरज संपली. ट्रक फाटकातून आत वळताना त्याचे स्प्रिंगचे पाटे किती सरळ झालेत, टायर किती दबलेत, यावरून ते वजन सांगायचे. चूक दीडदोनशे किलोंची. ड्रायव्हर लोक त्यांना घाबरून असत. काट्याशी संगनमत करता येतं, डोळ्यांशी काय करणार?

माझी त्यांची ओळख वाशीच्या एका हॉलमध्ये झाली. एका खाणकंपनीची वार्षिक सभा होती. भागधारक सभेला का येतात हे सर्वांना माहीत असतं. वेफर्सची पाकिटं दाराशीच रचून ठेवलेली होती. अध्यक्ष कंपनीच्या पुढच्या वीस वर्षांचं स्वप्न सांगत होते. त्यात हे उठले आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या गाड्या फाटकातून ताडपत्री न टाकता निघतात. उडतो तो माल आमचा हाय." अध्यक्षांनी मौल्यवान सूचनेबद्दल आभार मानले आणि स्वप्न पुढे चालू केलं. मी घरी येऊन त्या कंपनीचे शेअर विकले. पुढे ती बुडाली. ताडपत्रीमुळे नव्हे, पण ताडपत्रीसारख्याच कारणांमुळे.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर आमची बैठक असते. चारच माणसं. मढवीशेठ, मी, विलासराव, आणि क्षिप्रा. विलासराव साताऱ्याकडचे, बँकेत पस्तीस वर्षं कर्जखात्यात काढून निवृत्त झालेले. क्षिप्रा एका विमा कंपनीत कागदपत्रं तपासते. तिशीतली आहे आणि शंभर पानांच्या दस्तऐवजातली भानगडीची ओळ तिला वास येऊन सापडते. विषय एकच, खाणी आणि त्यातही बॅटरीचे धातू. रस्त्यावर विजेच्या गाड्या दिसायला लागल्यापासून लिथियम, कोबाल्ट, निकेल हे शब्द आमच्या ओट्यावर सुकट-बोंबलाइतके घरगुती झाले. सखूवहिनी, म्हणजे मढवीशेठच्या पत्नी, चहा ठेवताना विचारतात, "निकेल वर हाय का खाली?" उत्तराची वाट न बघता आत जातात.

आम्ही तिघं कागद वाचतो. मढवीशेठ कागद वाचत नाहीत, जागेवर जातात. डबा घेऊन, स्लीपर क्लासने, स्वतःच्या खर्चाने. खाणीच्या फाटकासमोर चहाची टपरी असतेच. तिथे दिवसभर बसून ट्रक मोजतात आणि पाटे बघतात. एकदा आम्ही सगळे एका लिथियम कंपनीवर फिदा झालो होतो. चकचकीत अहवाल, नकाशे, ड्रोनने काढलेले फोटो. शेठ जाऊन आले. "बोर्ड नवा हाय," म्हणाले. "रस्ता नाय." आम्ही विचारलं, म्हणजे? "खानीला बोर्ड नसला तरी चालतं, बाला. रस्ता नसंल तर माल काय बोर्डावरून नेनार?" बोर्डाच्या सावलीला शेळ्या बसल्या होत्या, असंही सांगितलं. विलासरावांनी आधीच थोडे शेअर घेतले होते. ते अजून शेळ्यांचा विषय निघाला की चष्मा पुसतात.

सोनझरी मिनरल्स ही त्यांची शोधलेली कंपनी. भंडाऱ्याच्या पुढे खैरटोला म्हणून गाव आहे, तिथे हिची मँगनीजची खाण. शेठनी तीन दिवस टपरीवर काढले आणि परत येऊन एकच वाक्य बोलले: "गाडी अर्धीच भरलीय पन पाटे सपाट." म्हणजे दगड जड, म्हणजे मँगनीज भरपूर. क्षिप्राने कागदावरून तेच काढलं होतं, पण तिला त्यासाठी दोन आठवडे आणि चार तक्ते लागले होते. नव्या बॅटऱ्यांत महागडं कोबाल्ट कमी करून मँगनीज घालायची धडपड चालू आहे, असंही ती म्हणाली. शेठनी चार वर्षं खोल्यांच्या भाड्यातून थोडे थोडे करून बावीस हजार शेअर घेतले. सरासरी भाव एक्केचाळीस. मी तेराशे घेतले. माझा भाव विचारू नका.

आता भाविका. मढवीशेठची एकुलती मुलगी. फिजिओथेरपिस्ट आहे, वाशीला दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये टक्केवारीवर राबते. लोकांची गुडघेदुखी बरी करते आणि निम्म्याहून जास्त फी क्लिनिकवाल्याला जाते. तिला स्वतःचं क्लिनिक हवं होतं, गावठाणात नव्हे, सेक्टरमध्ये, लिफ्ट आणि पार्किंग असलेल्या इमारतीत. "बाबा, गुडघे धरून आलेला माणूस आपल्या गल्लीत गाडी कुठं लावणार?" हा तिचा प्रश्न बिनतोड होता. सीवूड्सला तिने एक गाळा बघितला, कमाईतून साठवलेले दोन लाख अकरा हजार टोकन म्हणून भरले. दहा एप्रिलपर्यंत पंचवीस लाख भरायचे, उरलेलं बँकेचं कर्ज. पंचवीस लाख कुठून येणार होते ते तिला माहीत होतं, कारण जानेवारीत तो चमत्कार झाला होता.

एका मोठ्या बॅटरी-साहित्य कंपनीने सोनझरीच्या मालकांचा हिस्सा विकत घ्यायचा करार केला. असं झालं की नियमाप्रमाणे आमच्यासारख्या किरकोळ भागधारकांनाही खुला देकार, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर विकत घ्यायची ऑफर, द्यावा लागतो. देकार आला: शेअरला एकशे अठरा रुपये. बाजारात भाव एकशे चारवर गेला. मढवीशेठ ओट्यावर उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उभे राहिले. सखूवहिनींनी विचारलं, "काय चावला काय?"

विलासरावांचं म्हणणं, एकशे चारला विका आणि सुटा. क्षिप्रा म्हणाली, "काका, देकाराच्या कागदाचं पान एकतीस बघा. खाणीला लागून एकशे ऐंशी एकर जमीन वाढवायची आहे. तिथल्या शेतकऱ्यांची संमतीपत्रं एकतीस मार्चपर्यंत आली नाहीत तर करार रद्द होऊ शकतो, देकारही मागे."

"संमती देतील का?" विलासराव.

"भाव बरा देतायत. फेब्रुवारीअखेर गावात शिबिर आहे."

शेठ म्हणाले, "मी बघून येतो."

हे आमच्या पद्धतीला धरूनच होतं. ते बघायला जात होते. त्यांनी बघायचं होतं. एवढंच होतं. सोबत मी गेलो, तेराशे शेअर्सच्या नात्याने.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मला आधीच माहीत होती आणि तरीही मी त्यांना एकट्याला बोलू दिलं. सत्तरच्या दशकात नव्या शहरासाठी शिरवण्याची भातखाचरं घ्यायचं ठरलं तेव्हा चिंचेखाली टेबल मांडलं होतं. शेठच्या वडिलांनी अख्ख्या गावात पहिली सही केली. साहेबाने खुर्ची दिली, चहा दिला, तोही कपबशीत. फॉर्मवर 'झाडे, विहिरी व इतर' असा रकाना होता. तो कोरा होता. साहेब म्हणाला, नंतर भरू. विहीर एक होती, आंबे तीन, चिंचा अकरा. पैसे आले तेव्हा कोऱ्या रकान्याचा अर्थ शून्य असा लावलेला होता. चिंचेच्या सावलीत बसून साहेबाने चिंच नाही असं ठरवलं होतं. वडील मरेपर्यंत त्या चहाची चव सांगायचे. गोड होता म्हणे.

त्या दिवसापासून मढवींच्या घरात कोरा रकाना राहत नाही. लाल पेन त्यासाठीच. कुठल्याही फॉर्मवर जी जागा रिकामी असेल तिथे शेठ 'लागू नाही' लिहितात आणि रेघ मारतात. रक्ततपासणीच्या फॉर्मवर 'गरोदर असल्यास महिना' यापुढे त्यांनी ठळक अक्षरांत 'लागू नाही' लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. भाविका या सवयीला इतकी विटलेली की बाहेरचा कुठलाही कागद ती वडिलांना दाखवत नसे.

खैरटोल्याच्या शाळेत शिबिर होतं. भिंतीवर बाराखडी, समोर टेबल, टेबलावर संमतीपत्रांचा गठ्ठा आणि त्यामागे कंपनीचा अधिकारी शिवतेज. पुण्याचा होता, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, वागायला अतिशय नम्र. आम्ही भागधारक असल्याचं सांगितल्यावर त्याने आम्हाला बाक दिला. बाहेर पन्नाससाठ माणसं. वातावरण लग्नाच्या पंगतीसारखं. कुणाचाच विरोध नव्हता. भाव खरंच बरा होता. मी मनात एकशे अठराला तेराशेने गुणलं. तिसऱ्यांदा गुणलं, आनंदासाठी.

रांगेत पहिला किसन नावाचा म्हातारा होता. फॉर्म हातात घेऊन तो आमच्या बाकापाशी आला आणि शेठकडे बघून म्हणाला, "तुमी कोन्या गावचे जी?"

"नवी मुंबई."

"तिकडं बी गेली का जमीन?"

"गेली."

"मंग? बरं झालं का?"

शेठनी विचार केला. मी श्वास धरला. "शहर झालं," ते म्हणाले. मी श्वास सोडला. उत्तर निर्दोष होतं.

"चष्मा इसरलो जी घरी. वाचून सांगता का मले एवढं?" किसनने फॉर्म पुढे केला.

शेठ वाचायला लागले, मोठ्याने, काट्यावर पावती वाचायचे तसं. एक, नाव. दोन, गट नंबर. तीन, क्षेत्र. किसन मान डोलवत होता. आठव्या रकान्यात एकूण रक्कम होती. ती ऐकून मागचे दोघंतिघं हसले, बरं वाटून. मग शेठ थांबले. नववा रकाना: झाडे, विहिरी, बांधबंदिस्ती व इतर. कोरा.

शेठनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर मोहाचं झाड होतं. त्यामागे आणखी एक. त्यामागे शिवारभर.

"यात मोहाची झाडं..."

मी पाय दाबला.

"सॉरी हां. ...कुठं मोजलीत?"

शिवतेज हसून म्हणाला, "काका, ते नंतर भरलं जाईल. सिस्टिममध्ये आहे."

"नंतर" या शब्दाला मढवीशेठच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. राग नव्हता. काट्यावरचा आकडा आणि डोळ्यांनी पाहिलेलं वजन जुळत नाही तेव्हा होत असेल तसं काहीतरी. "नंतर म्हंजे कवा?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

शिवतेजने टॅबकडे बघितलं. मग तो बंद करून पुन्हा चालू केला.

किसनने फॉर्म परत घेतला आणि चष्म्याशिवायच त्या रकान्याकडे टक लावून बघितलं. कोरं दिसायला चष्मा लागत नाही. मागे वळून तो म्हणाला, "अरे, आपल्या शिवारात मोह किती हाये रे?"

"चारशेक असतीन."

"चारशे बारा," दारात उभी असलेली एक बाई म्हणाली. "फुलं वेचाले मी जातो, तुमी नाही जात."

"तं मोजा मंग," कुणीतरी म्हणालं. शिवतेज लगेच तयार झाला. आजच माणसं लावतो म्हणाला, उद्या संध्याकाळपर्यंत आकडा देतो. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. पण किसनने मान हलवली. "आता कायचे मोजता? मोह फुलावर येऊ द्या. कोनतं झाड किती फुलं देते थे पाह्यल्याशिवाय त्याची किंमत कशी कराल जी? माणूस का उंचीवरून मोजता तुमी?"

मोहाची फुलं कधी पडतात, मी विचारलं. आवाज माझाच होता, पण ओळखीचा वाटला नाही.

"मार्चाच्या शेवटापासून. एप्रिल पुरा."

पंधरा मिनिटांत शाळा रिकामी झाली. भांडण नाही, घोषणा नाही. शिवतेजने सह्यांचा कोरा गठ्ठा नीट जुळवून बॅगेत ठेवला आणि आम्हालाही विचारलं, तुम्हाला स्टेशनवर सोडू का? मी आयुष्यात इतका सुसंस्कृत पराभव पाहिलेला नाही.

परतीच्या गाडीत नागपूर गेलं. शेवटी म्हणालो, "शेठ, तुमचे बावीस हजार शेअर आहेत."

"हायेत ना. म्हनून तर." डबा उघडत ते म्हणाले. "कच्च्या कागदावर जमीन घेतली तर उद्या कोर्टात जाईल. घेनाऱ्याचंपन नुसकान. कागद पक्का झाला की भाव वाढंल, तू बघ." आणि मला अर्धी भाकरी दिली. मी बघितलं तर ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरोखर वाटत होतं की आपण कंपनीची मदत करून आलो.

रविवारी ओट्यावर सांगितलं. क्षिप्राने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "काका, तुम्ही बघायला गेला होतात."

"बघितलं ना. नववा रकाना."

विलासरावांकडे कर्ज बुडाल्याचं ऐकताना करायचा एक चेहरा नोकरीपासून तयार आहे. तो त्यांनी काढला. सोमवारी त्यांनी आपले सोनझरीचे निम्मे शेअर विकले. निम्मे का ठेवले हे त्यांनाही सांगता येत नाही. शेठनी एकही विकला नाही. "मोजा म्हनून सांगून आलो आनि आपून पळू?" असं म्हणाले. मी का विकले नाहीत? शेजारी बसलो होतो म्हणून, बहुतेक.

दोन एप्रिलला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर अडीच ओळींचं पत्र आलं. अटींची पूर्तता न झाल्याने करार संपुष्टात, खुला देकार मागे. त्यानंतर रोज सकाळी सव्वानऊला शेअर दहा टक्के पडायचा आणि तिथेच थांबायचा, कारण विकणारे हजारो आणि घेणारा एकही नाही. नऊ-दहा दिवस असं चाललं. भाव अडतीसवर येऊन टेकला. शेठ रोज सव्वानऊला फोन बघायचे आणि पाणी प्यायचे. मला वाटतं, आपण काय केलं ते त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी ते पाणी प्यायले नाहीत.

शेठचं भाविकाशी बोलणं झालं तेव्हा मी ओट्यावरच होतो आणि उठून जायची वेळ टळून गेली होती.

"बाबा, तुमी तिथं बोललात?"

"वाचून दाखवलं गो."

"कोनी सांगितलं होतं?"

"त्यानंच. किसननं."

"त्याचं नावपन माहीत हाय तुमाला." ती हसली, तो आवाज हसण्याचा नव्हता. "माझं आठवतं का?"

"अगो, बापाला असं..." आतून सखूवहिनी म्हणाल्या, आणि वाक्य अर्धंच ठेवलं. शेठ लाल पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

दहा एप्रिल उलटली. भाविका टोकनचे पैसे परत मागायला गेली. बिल्डरच्या ऑफिसातल्या माणसाने तिचीच सही असलेली पावती काढली आणि बोट ठेवलं. 'रद्द केल्यास परतावा' आणि पुढे कोरी जागा. तिने विचारलं, म्हणजे किती? तो म्हणाला, "कोरं म्हणजे शून्य, मॅडम." ही गोष्ट तिने आईला सांगितली, आईने मला, आणि बापाला कुणीच नाही. ती पावती तिने लाल पेनाच्या भीतीने त्यांना कधी दाखवली नव्हती. वहिनींकडून ऐकल्यावर मी दोन बसस्टॉप चालत गेलो आणि मग लक्षात आलं की मला उलट्या दिशेला जायचं होतं.

सात आठवडे बाप-लेकीत बोलणं नव्हतं. मीठ हवं असलं तरी आईमार्फत.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही ओट्यावर होतो. क्षिप्राने बातमी आणली होती: सोनझरी आणि तिची गिऱ्हाईक कंपनी पुन्हा बोलायला लागली आहे, संमतीपत्रं महिनाअखेर आली तर देकार परत येऊ शकतो. भाव सेहेचाळीस झाला होता. भाविका कामावर निघाली होती, ओट्याच्या पायरीवर बूट घालत होती. तेवढ्यात शेठचा फोन वाजला. त्यांना फोन कानाला लावायची सवय नाही, ते स्पीकरवर टाकतात.

"मी किसन बोलतो जी, खैरटोल्यावरून. मोह मोजले! फुलावर मोजले. चारशे सतरा निघाले. थे बाई पाच चुकली होती."

विलासरावांनी हळूच टाळी वाजवल्यासारखे हात जुळवले.

"नववा रकाना भरला, सायेबानं सोताच्या हातानं. झाडागनिक पैसे. आता सह्या मांगून राहिले. तुमाले इचारल्याशिवाय नाही करत म्हनलं. सारं गाव थांबलं हाये."

"मग भरलाय तर..." विलासराव पुढे झुकून कुजबुजले, "म्हणा ना, कर सही. शेठ, म्हणा!"

शेठनी फोनकडे वाकून विचारलं, "बाकी सगला भरलाय?"

"सारा. नाही, एक रायला. दहावा. 'मोबदला देण्याची तारीख'. सायेब म्हनते थे नंतर टाकू, सिस्टिममंदी."

क्षिप्राने डोळे मिटले. मी सेहेचाळीस या आकड्याकडे बघत राहिलो, जणू तो काही मदत करील. हो म्हटलं की महिन्याभरात एकशे अठराची शक्यता. गाळ्याची, निदान दुसऱ्या एखाद्या गाळ्याची. नाही म्हटलं की पुन्हा नऊ-दहा दिवस पाणी पिणं.

मढवीशेठनी तोंड उघडलं. मिटलं. मी त्यांना पंधरा वर्षं ओळखतो. कोऱ्या रकान्यासमोर हा माणूस गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी भाविकाकडे बघितलं. मग फोन उचलून सतरंजीवर जरा लांब, तिच्या बाजूला ठेवला. "मी नाय बोलनार," ते म्हणाले. "मागं बोललो तवा हिचा गाळा गेला."

"हालो? ऐकू येते का जी?"

भाविका एका पायात बूट घालून तशीच उठली. मला वाटलं फोन बंद करील. तिने तो उचलून तोंडाजवळ धरला.

"काका, मी भाविका बोलते. धर्मराज मढवींची मुलगी."

"बोल बाई."

"तारीख कोरी असेल तर सही करू नका. कोणीच करू नका. नंतर टाकतो म्हणाले तर सांगा, नंतर म्हणजे शून्य. मी दोन लाख अकरा हजार भरून शिकलेय."

"बरं झालं इचारलं," किसन म्हणाला. "सांगतो गावाले." फोन बंद झाला.

विलासरावांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले; समोर शेळ्या नसताना. क्षिप्रा म्हणाली, "संपलं," आणि तिलाच हसू फुटलं, वाईट प्रकारचं, थांबेना. शेठ मुलीकडे बघत होते. "कसले दोन लाख अकरा?" त्यांनी विचारलं. वहिनींनी आतून भांडं आपटलं.

भाविकाने पर्समधून घडी केलेली पावती काढली आणि बापाच्या हातात दिली. शेठनी ती उलगडली. वरपासून वाचत आले, काट्यावरची पावती वाचायचे तसं, पण या वेळी ओठ हलवून, आवाज न करता. कोऱ्या जागेपाशी आले. खिशातून लाल पेन काढलं. टोपण काढलं. मग काही न लिहिता तसंच धरून बसले.

"आता काय लिवनार बाबा," भाविका दुसरा बूट घालत म्हणाली. "लागू झालं ते."

"पुढच्या येळेला आदी मला दाखव."

"हां. अजून दोन वर्षं तरी वाशीलाच हाय मी. दाखवीन." ती पायरी उतरली आणि वळून म्हणाली, "मोह किती झाले बोलले ते?"

"चारशे सतरा."

"पाच वाढले."

"वाढले नाय गो," मढवीशेठ म्हणाले. "होतेच. पैल्यांदा कोनी मोजले."

सोमवारी सव्वानऊला मी फोन उघडला नाही.